विंडशील्ड बदललं तरी हेल्मेट थरथरतं? आधी सीट मोजा

नागपूरहून निघून बुटीबोरी मागं पडली की हैदराबादचा रस्ता मोकळा होतो. दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर, वारा अडवायला झाड नाही, आणि गाडी आपसूक ८० वर जाऊन बसते. तिथून जाम चौकापर्यंतच्या अर्ध्या तासात माझं ठरलेलं असायचं. आधी हेल्मेट थरथरायला लागायचं, इतकं की समोरच्या ट्रकचा नंबर दोन-दोन दिसायचा. मग खांदे नकळत कानांकडं चढायचे. मग उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. हिंगणघाट येईस्तोवर माकडहाड दुखायला लागायचं, आणि पांढरकवड्याला उतरल्यावरही कानात बराच वेळ शिटी वाजत राहायची.

दोन वर्षांत हा त्रास चार वेळा गेला आणि चार वेळा परत आला. दर वेळी मी एक वस्तू बदलली, थोडे दिवस बरं वाटलं, आणि पुन्हा तेच. गाडी ६५० सीसीची ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची, अर्ध्या फेअरिंगची (पुढच्या प्लास्टिकच्या आवरणाची), बसण्याची ठेवण जराशी पुढं झुकलेली. माझी उंची पाच फूट नऊ इंच. ज्यांच्याकडं अशी स्पोर्ट-टूरिंग गाडी आहे, किंवा ज्यांनी साध्या गाडीला वरून विंडशील्ड लावून लांबच्या फेऱ्या सुरू केल्या आहेत, त्यांच्यातले बरेच जण याच गोल रस्त्यावर फिरताना मी पाहतो. समृद्धी महामार्गावर दुचाकीला मनाई असल्यामुळं आपल्याला जुनेच रस्ते धरावे लागतात: हैदराबाद रोड, अमरावती रोड, नाहीतर मनसर-देवलापारवरून जबलपूरकडं. तिन्ही रस्त्यांवर उघडा पट्टा आणि ट्रकांची रांग आहे, त्यामुळं वाऱ्याचं काय करायचं हे शिकण्यावाचून गत्यंतर नाही.

आधी मी काय-काय चुकीच्या क्रमानं केलं ते सांगतो, कारण चूक वस्तूंमध्ये नव्हती, क्रमात होती.

पहिल्यांदा उंच विंडशील्ड घेतलं. मूळच्यापेक्षा बारा सेंटिमीटर उंच. छातीवरचा वारा बंद झाला, पण डोक्याभोवतीचा गोंगाट दुप्पट वाटायला लागला, आणि एक नवीनच गोष्ट सुरू झाली: पाठीवर मागून कोणीतरी ढकलतंय असं वाटायचं. दुसऱ्यांदा हॅंडलखाली अडीच सेंटिमीटरचे रायझर, म्हणजे हॅंडल उंच करणारे ठोकळे, बसवले. मनगटाला आराम पडला, पण मी आता जास्त ताठ बसत होतो, त्यामुळं डोकं वर गेलं आणि हेल्मेटची थरथर वाढली. तिसऱ्यांदा सीटमध्ये फोम भरून घेतला. पहिले तीन महिने उत्तम. मग फोम दबला, आणि पुन्हा सगळं जुन्या जागी. चौथ्यांदा नवीन हेल्मेट. तेही चांगलंच होतं, पण डोकं जिथं होतं तिथंच होतं.

मानेवाड्याच्या एका गॅरेजमध्ये मी पाचवी वस्तू विचारायला गेलो होतो. तिथल्या काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चालत्या गाडीवर उभा राहून पाह्यलं का कधी?"

"नाही."

"मंग काचा बदलून काय करून राहिला? डोकं कुठं येऊन राहिलं ते त पाह्य आधी."

हा सगळा लेख त्या एका वाक्यातून निघाला आहे. वारा आणि बसणं या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. विंडशील्डच्या काठावरून वारा एका ठरावीक उंचीवरून मागं येतो, आणि आपलं डोकं त्या उंचीच्या कुठं आहे हे सीट, हॅंडल, फूटरेस्ट आणि मागचा शॉकअप ठरवतात. सीट एक इंच बदलली की डोकं दुसऱ्याच हवेत जातं. म्हणून बसणं पक्कं होईपर्यंत विंडशील्डला हात लावू नये.

थरथर कशामुळं होते

आपल्याला वाटतं वारा जोरात लागतोय म्हणून डोकं हलतं. तसं नाही. विंडशील्ड काढून टाका आणि ८० नं जा. छातीवर भरपूर दाब येईल, दमायलाही होईल, पण डोकं थरथरणार नाही. कारण ती हवा स्वच्छ आहे, एकसारखी येते. थरथर होते ती तुटलेल्या हवेमुळं. विंडशील्डच्या मागं हवेचा दाब कमी होतो, काठावरून आलेली हवा त्या पोकळीत शिरायला बघते आणि तिचे भोवरे होतात. एक भोवरा हेल्मेटला डावीकडून मारतो, पुढचा उजवीकडून, एका सेकंदात कितीतरी वेळा. काच जितकी उंच आणि जितकी उभी, तितकी तिच्या मागची पोकळी मोठी. पाठीवरचा तो धक्का म्हणजे मागची हवा पुढं, त्या पोकळीकडं ओढली जात होती.

वेगाचा हिशेबही ध्यानात असू द्या. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ६० वरून ८० वर गेलात तर वेग एक तृतीयांशानं वाढला, पण वाऱ्याचा जोर जवळजवळ पावणेदोन पट झाला. त्यात समोरून २० चा वारा असेल तर ८० वर चालणाऱ्या गाडीला १०० चा वारा लागतो, म्हणजे पुन्हा दीडपटीहून जास्त. जून-जुलैमध्ये आपल्याकडं वारा पश्चिमेकडून येतो. अमरावतीला जाताना कोंढाळीच्या पुढं गाडी जड वाटते आणि येताना तीच गाडी हलकी, त्याचं कारण हेच. एकाच दिवसात त्रास जातो आणि येतो, आणि आपण उगाच हेल्मेटला दोष देतो. म्हणून चाचणी नेहमी एकाच रस्त्यावर जाऊन-येऊन, दोन्ही दिशांना करावी.

आधी मोजमाप

गाडी घरासमोर सपाट जागी उभी करा. पूर्ण जॅकेट, हेल्मेट, बूट घालून बसा, जसे पन्नास किलोमीटर चालवल्यावर बसता तसे, फोटोला बसतात तसे ताठ नाही. घरातल्या कोणाला तरी दोन आकडे मोजायला सांगा: जमिनीपासून तुमचा डोळा किती उंच, आणि जमिनीपासून विंडशील्डचा वरचा काठ किती उंच. दोन माणसं लागतात, एक गाडी सरळ धरायला आणि एक टेप धरायला. माझे आकडे होते डोळा १५२ सेंटिमीटर, मूळच्या काचेचा काठ १२०, उंच काचेचा १३२. हे आकडे वहीत लिहून ठेवा. माझ्या मते या सगळ्या कामात वही पान्याइतकीच उपयोगाची आहे, कारण सहा महिन्यांनी त्रास परत आला की नेमकं काय हललं ते वहीशिवाय कळत नाही.

मग काकांनी सांगितलेली चाचणी. पहाटेची वेळ, सरळ मोकळा रस्ता, पुढं-मागं ट्रक नाही. ट्रकच्या मागची हवा आधीच फाटलेली असते, तिथं काहीही कळत नाही. चौपदरी रस्त्यावर दुचाकीची कमाल मर्यादा केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणं ८० आहे. या चाचणीला ७० पुरेसा आहे. दोन्ही हात हॅंडलवर ठेवून फूटरेस्टवर हळूहळू उठा. कुठल्या उंचीला गोंगाट एकदम कमी होतो ते पाहा. मग परत बसा आणि पुढं वाका, आणि हनुवटी टाकीकडं जाताना कुठं शांत होतं ते पाहा. या दोन शांत उंचींच्या मधला पट्टा म्हणजे भोवऱ्यांचा पट्टा. मूळच्या काचेवर मला आठ सेंटिमीटर उठल्यावर शांत वाटलं, उंच काचेवर जवळजवळ उभंच राहावं लागलं. म्हणजे उंच काचेनं तो पट्टा वर नेला होता आणि माझं अख्खं डोकं त्याच्या मधोमध बसवलं होतं.

ज्यांना उभं राहायची भीती वाटते त्यांच्यासाठी लोकरीचा उपाय आहे. बोटभर लांबीचे सात-आठ तुकडे काचेच्या वरच्या काठाला, आतून आणि बाहेरून, चिकटपट्टीनं लावा. बाहेरचे तुकडे काचेला चिकटून मागं जातील. आतले जर वर वळून नाचायला लागले, किंवा पुढच्या बाजूला झुकले, तर मागं पोकळी तयार होतेय. दुसऱ्या गाडीवरच्या मित्रानं हे पाहिलेलं बरं. चालवताना आपण रस्ता पाहायचा.

शॉकअप, सीट, पाय, हात. याच क्रमानं

मागच्या शॉकअपला कोणी हात लावत नाही, आणि "कधी होतं कधी नाही" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा तिथंच सापडतं. एकट्यानं गेलो की ठीक, पण बायको डबलसीट आणि टॉप बॉक्स भरलेला असला की त्रास, असं माझं व्हायचं. वजनानं मागची बाजू तीन सेंटिमीटर बसली की काच मागं कलते आणि आपलं डोकं काठाच्या मानानं दीड सेंटिमीटर खाली येतं. एवढ्यानंही पट्टा बदलतो. याची एक सोपी खूण आहे: रात्री समोरचे ट्रकवाले विनाकारण डिपर द्यायला लागले की समजायचं, मागची बाजू बसलीय आणि आपला दिवा त्यांच्या डोळ्यांत जातोय.

मागचं चाक हवेत असताना एक्सलपासून शेपटीवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर मोजा, मग तुम्ही बसल्यावर तेच अंतर मोजा. फरक चाकाच्या एकूण प्रवासाच्या पाव ते एक तृतीयांश असावा. जास्त असेल तर हुक पान्यानं प्रीलोडची कडी (स्प्रिंग आधीच किती दाबलेली ठेवायची ते ठरवणारी) एकेक घर वाढवा. माझ्या गाडीला सात घरं आहेत: एकटा असताना तिसरं, डबलसीट आणि सामान असताना सहावं. निघण्याआधी पाच मिनिटांचं काम आहे, आणि मी आता ते चुकवत नाही.

सीटवर मात्र वेळ घालवा. बऱ्याच स्पोर्ट-टूरिंग गाड्यांची सीट टाकीकडं उतरती असते. आपण दर ब्रेकला पुढं घसरतो, मग हातांनी स्वतःला मागं ढकलतो, आणि मनगटावर अर्ध्या अंगाचं वजन येतं. मी आधी फोम वाढवला ती चूक इथंच झाली: उतरत्या सीटवर जाड थर दिला म्हणजे उतार तसाच राहिला आणि डोकं वर गेलं. दुसऱ्या वेळी सीटवाल्याला गाडीसकट बोलावलं आणि सांगितलं, फोम वाढवू नका, उतार काढा. त्यानं मागच्या बाजूचा फोम दोन सेंटिमीटर कापला, पुढं टाकीजवळ एक सेंटिमीटर भर दिली, आणि मांड्यांजवळच्या कडा गोल केल्या. बसायला सपाट खड्डा तयार झाला. डोळ्याची उंची १५२ वरून १५१ झाली, पण घसरणं थांबलं आणि मनगटावरचं ओझं निम्म्यानं उतरलं असं वाटलं.

फोम कोणता हा प्रश्न नागपुरात जरा वेगळा आहे. मेमरी फोम दुकानात बोट दाबून पाहिला की फार छान वाटतो, पण तो उष्णतेनं मऊ पडतो. मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या राहिलेल्या काळ्या सीटवर बसलात की तो पूर्ण दबतो आणि तुम्ही खालच्या प्लास्टिकच्या बैठकीवर बसलेले असता. जेलचं पॅड सावलीत थंड, पण एकदा तापलं की लवकर निवत नाही. माझ्याकडं आता खाली घट्ट रिबॉन्ड (फोमचे तुकडे दाबून केलेला थर) आणि वर दीड सेंटिमीटरचा एचआर (दाबला तरी पटकन मूळ आकारात येणारा) फोम आहे. हात लावल्यावर कडक वाटतो. दोनशे किलोमीटरनंतर तोच बरा वाटतो, कारण तो बसत नाही. कडक-मऊचा निकाल दुकानात लावू नका. बुटीबोरीपर्यंत जाऊन या, मग शिलाई पक्की करायला सांगा. चांगला सीटवाला कव्हर आधी नुसतं ताणून देतो.

पायांबद्दल थोडंच. गुडघे दुखत असतील तर फूटरेस्ट खाली घेणारे ब्रॅकेट मिळतात, पण चिखलदऱ्याच्या घाटात वळणावर तेच आधी रस्त्याला घासतात. मला गुडघ्याचा त्रास नव्हता, मी लावले नाहीत. गियर आणि ब्रेकचं पायडल मात्र बुटाच्या उंचीप्रमाणं वर-खाली करून घ्या. घोटा सतत वर ताणलेला असला की नडगी भरून येते, आणि आपण तिचा दोष सीटला देतो.

हातांचं काम तीन भागांत. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर जरा खाली वळवा, इतके की बोटं लिव्हरवर ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेष यावी. कंपनीतून ते बहुतेक वेळा जास्त वर असतात आणि मनगट मागं मोडून ठेवतात. एक एलन की, दहा मिनिटं, शून्य रुपये. माझ्या अनुभवात या सगळ्या लेखातली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठी सुधारणा आहे. दुसरं, रायझर लावले असतील तर हॅंडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहा: ब्रेकचा पाइप ताणला जातो का, क्लचची तार खेचली जाते का, इंजिन चालू असताना वळवल्यावर आरपीएम वाढतो का. यातलं एक जरी झालं तरी तो रायझर त्या गाडीसाठी नाही, किंवा लांब पाइप आणि तार घ्यावी लागेल. यात तडजोड नको. वळणावर आपोआप ॲक्सिलरेटर खेचला जाणं म्हणजे अपघात आहे. तिसरं, टाकी गुडघ्यांनी धरा. बोटं बधिर होण्यामागं कंपन असतं तसं घट्ट धरणंही असतं. डोकं थरथरतं म्हणून मान आवळते, मान आवळली की खांदे, आणि शेवटी मूठ. माझी करंगळी शेवटी जागी झाली ती हॅंडलमुळं नाही, वारा शांत झाल्यामुळं.

आता विंडशील्ड

एवढं झाल्यावर मी पुन्हा उभं राहण्याची चाचणी केली, आणि मूळची काच परत लावली. हो, मूळची. नवीन बसण्यावर शांत हवा फक्त पाच सेंटिमीटर वर होती. म्हणजे काच उंच करायची गरजच नव्हती. भोवऱ्यांचा पट्टा थोडा खाली न्यायचा होता.

पट्टा खाली न्यायचा एक उपाय म्हणजे काचेच्या मागची पोकळी भरणं. काचेच्या खालच्या बाजूनं थोडी हवा आत येऊ दिली की आतला-बाहेरचा दाब जवळ येतो आणि काठावरचे भोवरे मवाळ होतात. मी खालच्या दोन स्क्रूंखाली रबरी वॉशर घालून काच आणि फेअरिंगमध्ये आठ मिलिमीटरची फट ठेवली, आणि त्याला पुरतील असे लांब स्क्रू घेतले. पहिल्याच फेरीत फरक कळला. वारा आता खांद्यांवर आणि हेल्मेटवर येतो, पण एकसारखा येतो. आवाज आहे, थरथर नाही. ट्रकचा नंबर एकच दिसतो.

स्क्रू आवळताना हात हलका ठेवा. ॲक्रिलिकची काच भोकाजवळून तडकते, आणि तडा एकदा गेला की खड्ड्यागणिक पुढं सरकतो.

उंच काच फेकली नाही. तिच्यावर मास्किंग टेप लावून, बारीक दात्यांच्या पात्यानं हळूहळू, चार सेंटिमीटर कापली. घाईनं कापलं तर प्लास्टिक तापून पात्याला चिकटतं. कडा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाण्यात घासून गोल केल्या. ही कापलेली काच वर्षातून दोनदा लागते, ते पुढं सांगतो. काच कितीही उंच असो, नजर तिच्या वरून गेली पाहिजे, तिच्यातून नाही. पावसात, किंवा रात्री समोरून ट्रकचे दिवे आले की ओरखडे पडलेल्या काचेतून काहीच दिसत नाही. खरिपात संध्याकाळी किडे चिकटतात ते कोरड्या फडक्यानं पुसू नका. ओलं फडकं दहा मिनिटं टाकून ठेवा, मग अलगद निघतात. पॉलिकार्बोनेटच्या काचेला पेट्रोल किंवा घरातल्या आरशाचं अमोनियावालं क्लीनर लावलं की ती कायमची धुरकट होते.

काहींच्या बाबतीत वारा वरून येतच नाही. फोर्क आणि टाकीच्या मधून हवा वर चढते आणि हनुवटीखाली मारते. ओळखायची युक्ती: टाकीवर टॅंक बॅग ठेवून एक फेरी मारा. बॅगेनं त्रास कमी झाला तर काचेचा काही दोष नाही. फोर्कच्या बाजूला लहान डिफ्लेक्टर (हवा वळवणाऱ्या पट्ट्या) लावता येतात, फक्त हॅंडल पूर्ण वळलं पाहिजे आणि रेडिएटरची हवा अडता कामा नये.

हेल्मेट, दुपट्टा आणि कान

हेल्मेट घालून दोन्ही हातांनी डावी-उजवीकडं फिरवा. गालांची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. नुसतं हेल्मेटच फिरलं तर गालाचे पॅड दबले आहेत. बऱ्याच हेल्मेटना ते वेगळे मिळतात. आपल्याकडं उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळून वर हेल्मेट घालायची सवय आहे. गावात ठीक आहे, हायवेवर नको. दुपट्ट्यानं हेल्मेट वर उचललं जातं, सैल बसतं, आणि सुटलेलं टोक वाऱ्यानं मानेवर आपटत राहतं. त्याऐवजी पातळ सुती बालाक्लाव्हा, म्हणजे डोकं-मान झाकणारी टोपी, वापरा, उन्हापासून मानही झाकली जाते.

कानातली शिटी हलक्यात घेऊ नका. ही कळकळीनं सांगायची गोष्ट आहे. हायवेच्या वेगाला चांगल्या हेल्मेटच्या आतही वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, आणि तासन्‌तास तो ऐकून गेलेलं ऐकू येणं परत मिळत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे इयरप्लग मिळतात. पिळून बारीक करायचे, कान वरून ओढायचा, आत घालायचे, फुगेपर्यंत धरून ठेवायचे. ट्रकचा हॉर्न तरीही ऐकू येतो. जातो तो वाऱ्याचा सततचा घोंगाट. थकवा किती कमी होतो हे पहिल्याच दिवशी कळेल.

मे आणि डिसेंबर

आता कापलेल्या काचेचं काम. आपल्याला वाटतं उन्हाळ्यात जितका वारा तितकं थंड. ३५ पर्यंत हे खरं आहे. हवा ४५ वर गेली की ती आपल्या अंगापेक्षा गरम असते, आणि छातीवर येणारा वारा अंगातली उष्णता नेत नाही, उलट आणून टाकतो. घाम वाळून जो थंडावा मिळतो तोही टिकत नाही, कारण आपल्या कोरड्या हवेत घाम क्षणात उडतो आणि पाणी संपतं. म्हणून मे महिन्यात मी कापलेली काच लावतो, आतली सुती बनियन भिजवून घालतो, आणि जॅकेटच्या सगळ्या चेन न उघडता फक्त बाह्यांच्या आणि पाठीच्या थोड्या उघडतो. वारा हळू शिरला की ओलावा टिकतो. तरीही पहाटे पाचला निघून दहाच्या आत पोहोचणं हाच मला पटणारा उपाय आहे. नवतपाच्या दुपारी दोन वाजता कोणतीही काच पुरत नाही.

डिसेंबरमध्ये उलटं. पहाटे रामटेकच्या पुढं, पेंचच्या जंगलाजवळ गारठा हाडात शिरतो. कापलेल्या काचेनं छाती झाकली जाते, हेल्मेटभोवती थोडा गोंगाट वाढतो, तो मी सोसतो. मात्र जाड अस्तर घातलं की आपण सीटवर वर उचलले जातो, ही गोष्ट मला दोन हिवाळे कळली नव्हती. त्रास दर डिसेंबरला "परत" यायचा तो यामुळंच. आता अस्तर घालून पुन्हा एकदा डोळा मोजतो. १५३ येतो.

परत आला तर

माझ्या वहीत परत येण्याची कारणं याच क्रमानं वारंवार लिहिलेली आहेत: फोम दबला, प्रीलोड बदलायचा राहिला, गालाचे पॅड सैल झाले, काचेचा एखादा स्क्रू ढिला होऊन फट बदलली. म्हणून नवीन वस्तू विकत घेण्याआधी टेप काढा आणि डोळ्याचा आकडा मोजा. दीड सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर काचेकडं पाहूही नका, सीट उघडा. थरथर हॅंडलमध्ये येत असेल, डोक्यात नाही, तर ती वेगळी गोष्ट आहे: टायरची हवा, स्टिअरिंगचं बेअरिंग, आणि टॉप बॉक्समधलं वजन. बॉक्स जितका मागं आणि जितका जड, तितकी गाडी वेगात डुलते. जड सामान बॉक्समधून काढून टाकीवर किंवा बाजूच्या बॅगांमध्ये टाका आणि तोच रस्ता पुन्हा चालवा.

एक गोष्ट मात्र माझी अजून पूर्ण सुटलेली नाही: मागं बसणाऱ्याचा वारा. माझं डोकं शांत हवेत आलं, पण माझ्या खांद्यांवरून सुटलेली हवा बायकोच्या हेल्मेटवर जाते. ती पंधरा सेंटिमीटर जवळ सरकून बसली की कमी होतं, मागं टॉप बॉक्सला टेकली की वाढतं. गेल्या महिन्यात बॉक्सची प्लेट चार सेंटिमीटर पुढं घेतली, म्हणजे तिला टेकूनही जवळ बसता येतं. कोंढाळीपर्यंतच्या पन्नास किलोमीटरमध्ये तिनं एकदाही पाठीवर थाप मारून थांबायला सांगितलं नाही. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा सुरू झाला की अमरावतीपर्यंत जाऊन पाहणार आहोत, आणि तो आकडाही वहीत येईल.